एक बूच कमी

"एकोणीस!"

होडीच्या पोटाखालून आवाज आला आणि मागोमाग टाचणी सरपटत बाहेर आली. केसांत भुसा, मुठीत लाकडी बुचं. "काल अकरा होती. आज आणखी आठ!"

टाचणी हे तिचं शाळेतलं नाव नव्हे. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून आजोबांनीच ते ठेवलं होतं. तिला मोजायची भारी खोड. जिन्याच्या पायऱ्या, मामाच्या थापा, भोंग्याने खाल्लेली केळी, सगळं वहीत! भोंगा तिचा मावसभाऊ. तो कुजबुजला तरी शेजारच्या खिडक्या उघडायच्या. आणि त्याची धाकटी बहीण शेपूट. ती या दोघांना सोडून कुठेच जात नसे.

आजोबा होड्या बांधणारे मिस्त्री. ही एका शिडाची होडी त्यांनी तरुणपणी, सगळ्यांत आधी बांधलेली. दर उन्हाळ्यात ती पाण्याबाहेर काढून शेडमध्ये तिची डागडुजी चाले. यंदा आजोबा शिडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि काम मामाच्या गळ्यात आलं. रविवारी होडी पाण्यात उतरणार होती, आणि पहिल्यांदाच तिचं सुकाणू एकट्या टाचणीच्या हातात येणार होतं.

पण चार दिवस झाले, रोज सकाळी होडीखाली बुचं पडलेली! होडीच्या फळ्या आतल्या बरगड्यांना स्क्रूने आवळतात. स्क्रूच्या डोक्यावर नखाएवढं बूच ठोकतात आणि वरून रंग देतात. ती अशी आपोआप गळायला होडी म्हणजे काय आंब्याचं झाड आहे?

"कुणीतरी उपटतंय," भोंगा कुजबुजला. छपरावरची कबुतरं उडाली.

"उंदीर असतील," ब्रश धुता धुता मामा म्हणाला. "आणि हे आजोबांच्या कानावर घालायचं नाही. पाय दुखतोय त्यांचा."

"पायाचा आणि कानाचा काय संबंध?"

"टाचणे, आगाऊपणा पुरे!"

त्या संध्याकाळी तिघांनी होडीभोवती भुसा पसरला आणि हाताने सारखा केला. उंदीर असो की माणूस, पाऊल उमटणारच! सकाळी पाहतात तर भुसा जसाच्या तसा. आणि त्यावर सहा बुचं.

"पंचवीस," टाचणीने वहीत टिपलं.

"म्हणजे चोर उडतो?" शेपटीने डोळे मोठे केले.

दुपारी तिघं होडीखाली पहारा देत आडवी झाली. शेडमध्ये दुसरं चिटपाखरू नव्हतं. होडी मात्र मधूनच कण्हत होती. कर्रर्र... कर्रर्र... आणि एकदम टक्! एक बूच सुटलं ते थेट भोंग्याच्या नाकावर.

"आई गं! होडीच मारतेय मला!"

"खरंच होडीच मारतेय," टाचणी म्हणाली आणि टुणकन उठली.

होडीत ओली पोती अंथरलेली होती. ती रीतच होती. उन्हाळाभर वाळून फळ्या आकसतात, त्यांच्यात फटी पडतात. पाण्यात उतरवण्याआधी लाकूड भिजवलं की ते फुगतं आणि फटी मिटतात. फटीत कापसाची वात आणि मऊ लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. लाकूड फुगलं की ती मुकाट्याने दबते. टाचणीने खिळा घेऊन फटीत टोचला. मऊ लांबीत तो रुतायला हवा होता. पण तो टण्णकन उडाला!

शेडमागच्या कचऱ्यात शेपटीला दोन रिकामे डबे सापडले. वर लिहिलं होतं, 'दगडासारखा घट्ट लेप'.

"मामाने कापूस ठोकलाच नाही!" टाचणी म्हणाली. "फळ्यांना फुगायला जागाच ठेवली नाही. त्या एकमेकींना रेटतायत. आज बुचं उडतायत, उद्या बरगड्या तडकतील. मग होडी संपली!"

मामाला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "एक तरी फट दिसतेय का? आरसा झालाय आरसा! आणि आता रविवारही नको. चार माणसं घेऊन येतो, आजच उतरवतो. पाण्यात गेली की होईल सगळं सुरळीत."

तो गेला. टाचणीची नजर दाराशी उभ्या असलेल्या दोन चाकांच्या गाड्यावर पडली. होडी याच गाड्यावरून पाण्यापर्यंत जायची.

"गाडाच नसला तर?" ती म्हणाली. "आणि आजोबांना इथे आणायलाही काहीतरी हवंच आहे ना?"

एका दगडात दोन पक्षी! अर्ध्या तासात गाडा भर रस्त्यातून खडखडत परत आला. वर आजोबा ऐटीत बसलेले, प्लास्टरचा पाय डोलकाठीसारखा पुढे, तो धरायला शेपूट. "बाजूला व्हा! मिस्त्री आले!" भोंगा ओरडत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी 'हळू' म्हटलं नाही.

चार माणसांसमोर मामा तावातावाने हात उडवत होता. "गाडा कुणी नेला? तंगडीच मोड..." एवढ्यात त्याने गाड्यावर कोण आहे ते पाहिलं. "बाबा!"

आजोबांनी होडीवर हात ठेवला. मग कान लावला.

"पोती काढ," ते मामाला म्हणाले. "बारीक करवत घे. एकेक फट मोकळी कर. तूच!"

करवत चालू लागली. पांढरी भुकटी गळू लागली. तिसरी फट सुटली तशी होडीने एक लांबच लांब सुस्कारा टाकला आणि कण्हणं थांबलं. आजोबांनी बॅटरी घेऊन आत बरगड्या पाहिल्या. त्यांच्यासोबत टाचणीही मनात मोजत होती.

"...बारा, तेरा, चौदा. सगळ्या शाबूत!" आजोबांनी डोळे पुसले. "आज पाण्यात गेली असती तर..." टाचणी धपकन भुशात बसली.

"कापूस ठोकायला आठवडा लागतो, बाबा," मामा पुटपुटला. "म्हटलं, लवकर होईल."

"बुचं किती पडली गं?"

"एकतीस. दुपारपासून आणखी सहा."

"आणि भोकं?"

"बत्तीस. एक बूच कमी आहे, सगळीकडे शोधलं."

मामाने मान खाली घातली. मग हळूच खिशात हात घालून त्याने एक बूच काढलं. "पहिल्याच दिवशी मला सापडलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून..."

"मी रागावलोच असतो," आजोबा म्हणाले. "पण होडी वाचली असती."

बूच त्यांनी टाचणीच्या हातावर ठेवलं. "बत्तीस! हिशेब जुळला. शाबास रे पोरांनो! गाडा पळवल्याबद्दल तर दुप्पट शाबास!"

ठरलेल्या रविवारऐवजी त्याच्या पुढच्या रविवारी, कापूस आणि मऊ लांबी भरलेली होडी काठाला बांधून पाण्यात सोडली. फटींतून पाणी आत आलं, लाकूड फुगेपर्यंत ते येतंच. उपसायला बसवलं कुणाला, ते सांगायलाच हवं का?

"मामा, चाळीस बादल्या!" काठावरून टाचणी ओरडली.

"मोज, मोज! तुझं मोजणं मला चांगलंच महागात पडलंय!" म्हणता म्हणता तोही हसला.

दुसऱ्या दिवशी होडीचा तळ कोरडा खडखडीत होता. टाचणीने सुकाणू धरलं, शीड फुगलं, आणि आजोबा गाड्यावर मागे टेकले.

"आता डुलकी काढतो," ते म्हणाले. "ती मोजतेय."