उजवीकडची रांग

दुन्या स्टुश्नॉफनं खुर्चीवर बसायच्या आधीच हातातली पिशवी टेबलावर पालथी केली. गांजाचा वाळलेला फुलोरा बाहेर पडला. तिनं त्यातला एक तुरा बोटांत चुरला. धन्यांएवढ्या करड्या बिया टेबलभर घरंगळत गेल्या.

"बघा," ती म्हणाली. "वर्षात दुसऱ्यांदा. कोण माझ्या जिवावर उठलंय ते शोधून द्या."

वेरा काल्माकॉफनं चष्मा नाकावर चढवला आणि एक बी उचलून उजेडात धरली. कासलगार गावात ती खासगी चौकशीची कामं करी. वेंडेल प्रुइट हा शाळेतून निवृत्त झालेला ग्रंथपाल तिची गाडी चालवी आणि टिपणं काढी.

"बी धरलं म्हणजे पीक चांगलंच आलं ना?" वेंडेलनं विचारलं.

"साहेब, भोपळा नाही लावलेला मी," दुन्या म्हणाली. "ह्याच्या फुलातल्या चिकाचं तेल काढायचं असतं. झाडानं बी धरलं की चीक संपला. मग हातात राहतो तो कचरा."

तिच्या नवऱ्याला, एलीला, मज्जातंतूंचा आजार होता. पायांना पेटके येत आणि गुडघे छातीशी आवळले जात. एका विशिष्ट जातीच्या झाडाच्या तेलानंच तो झोपू शके. दुकानातल्या तेलानं चक्कर येऊन तो तीनदा खुर्चीतून पडला होता. म्हणून डॉक्टरांचा कागद आणि सरकारी परवाना घेऊन दुन्यानं घराच्या मागच्या खोलीत तीच झाडं लावली होती. आधीच्या पिकांचं तेल तिनं साठवलं होतं; वर्षातली दोन पिकं बुडाल्यावर आता तिसरं फुलावर आलं होतं.

"तेल किती उरलंय?" वेरानं विचारलं.

"शेवटची बरणी. नाताळपर्यंत संपेल असं धरलं होतं मी. जानेवारी निम्मा झाला तरी तळाशी आहे. देवाची दया, दुसरं काय! पण दयेवर माणूस किती दिवस झोपणार?"

"संशय कुणावर?"

दुन्यानं पालथी पिशवी सरळ केली. "माझ्या भावावर. सायमनवर. आमच्याकडेच राहतो, एलीला उचलायला-ठेवायला असतो. पण म्हणतो, एलीला ट्रेल गावच्या शुश्रूषागृहात ठेव आणि घर मोकळं कर. आज त्याला बॅग भरायला सांगूनच आलेय."

"पुरावा आहे?"

"तो तुम्ही द्या. नाही दिलात तर पुराव्याशिवाय काढीन."

"आणि सायमन गेल्यावर एलीला पलंगावर उचलून कोण ठेवणार?"

दुन्यानं बिया गोळा करायला सुरुवात केली. एकही बी तिच्या बोटांत टिकेना.

*

स्लोकन खोऱ्यातलं दुन्याचं घर बर्फात अर्धं बुडालं होतं. आत दारांचे सगळे उंबरे काढून टाकलेले होते. खुर्ची सरळ जावी म्हणून मागच्या खोलीच्या दारालाही खाली नुसती रबराची पट्टी होती.

एली बोळातून मागे मागे येत स्वयंपाकघरात शिरला. खुर्ची बॅटरीवर चालणारी होती. उजव्या हाताशी छोटी दांडी, तिच्याशेजारी बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या रंगीत टिकल्या.

"माफ करा, पाठ आधी दाखवतोय," तो म्हणाला. "ह्या घरात अरुंद जागी वळता येत नाही. नाकासमोर जायचं आणि तसंच मागे यायचं. आमच्या राजकारण्यांसारखं." त्याचा आवाज घोगरा, फाटलेला होता.

"सर्दी का?" वेरानं विचारलं.

"थंडीचे दिवस." त्यानं पाय घोंगडीखाली लपवले. "दुन्या, बोर्श्टचं सूप वाढ ना पाहुण्यांना. वेराबाई, सायमननं काही केलं नाही हो. तिला सांगा. माझं ऐकत नाही ती."

"तुम्हाला कुणावर संशय आहे?"

"कुणावर नाही. झाडंच ती. काय करतील सांगता येतं?"

वाफाळत्या वाटीत क्रीम ढवळत वेंडेल म्हणाला, "बोर्श्ट फार छान आहे."

सायमन जिन्याच्या पायरीवर, भरलेल्या बॅगेशेजारी बसला होता. सहा फूट उंच, लाकडाच्या गिरणीत कामाला.

"मी शुश्रूषागृहाचं बोललो, ते खरं आहे," तो म्हणाला. "ताई उभ्या उभ्या झोपायला लागलीय. तिला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं? पण भावोजींचं औषध नासवीन मी? जनावर समजते का ती मला?"

"तुम्ही त्या खोलीत जाता?"

"पाणी घालायला. अंधार असताना जावंच लागलं तर कपाळाला हिरवा दिवा बांधून. हिरवा उजेड झाडांना कळत नाही म्हणतात. घ्या, हा बघा." त्यानं पट्ट्याचा दिवा वेराच्या हातात कोंबला. "ताईला म्हणावं, हा पण ठेवून घे. सगळंच ठेवून घे."

कुंपणापलीकडे शेजारी कॉर्विन हॅडक फावड्यानं बर्फ ओढत होता. त्याच्या गोठ्यात गांजाची नर झाडं होती. तो बियांसाठीच पीक घेई.

"या, या, पराग शोधायला आलात ना?" तो तिथूनच ओरडला. "पहिलं पीक गेलं तेव्हा दुन्यानं मला ह्या कुंपणाशी उभं करून झापलं. तुझ्या कपड्यांना पराग असतो, घरात पाऊल टाकायचं नाही! दहा महिने टाकलं नाही. एली कसा आहे ते आता तुमच्यासारख्या परक्यांना विचारतो मी."

"तुमच्या खिडकीतून त्यांच्या घरी कुणी आलेलं दिसतं?"

"दिवसा? चिटपाखरू नाही. सायमन गिरणीत. दुन्या झोपलेली. ती रात्रीची घुबड आहे, झाडांबरोबर जागते."

*

संध्याकाळी खोलीतले दिवे लागेपर्यंत त्यांना थांबावं लागलं.

"रात्री उजेड आणि दिवसा काळोख, हे उलटं का?" वेंडेलनं विचारलं.

"जुनी सवय," दुन्या म्हणाली. "चोरून लावायचे दिवस होते ना, तेव्हा सगळं रात्रीच चालायचं. दिवे सकाळी बंद होतात. मग मी वर जाऊन मेल्यासारखी पडते."

दारामागे जाड काळा पडदा होता. तो सारल्यावर डोळे दिपले. मधे एकच अरुंद वाट, दोन्ही बाजूंना कमरेच्या वर गेलेली झाडं. भिंतींना फोम ठोकलेला. पंखे आणि हवा सुकवायचं यंत्र मिळून गिरणीसारखी घरघर करत होते.

वेरा गुडघ्यांवर बसली. उजव्या रांगेतल्या मधल्या झाडांच्या खालच्या फांद्या तिनं एकेक उचलून पाहिल्या. फुलांत केळ्याच्या आकाराचे पिवळे, बारीक कोंब डोकावत होते.

"हे काय आहे?"

दुन्या भिंतीला टेकली. "नर फुलं," ती म्हणाली. "माझ्याच मादी झाडांवर. परत! परवापर्यंत नव्हती. फुलताना झाडाला सलग काळोख लागतो हो. काळोखात पुन्हा पुन्हा उजेड आला की झाड बिथरतं, स्वतःच नर फुलं काढतं आणि स्वतःलाच बी धरवतं."

"डाव्या रांगेत?"

दुन्यानं शोधलं. नव्हती. दाराजवळच्या झाडांवर नव्हती. वरच्या शेंड्यांवरही नव्हती.

भिंतीवरच्या छोट्या यंत्रात हवेतला दमटपणा रेघेनं उमटत होता. रेघ दुपारच्या सुमाराला फुगलेली होती.

"सुकवायचं यंत्र बिघडलं म्हणून नवं आणलं," दुन्या म्हणाली. "तरी फुगते. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी. आता रोज."

त्या दोघी बोळात आल्या, दार मागे लोटलं गेलं. बऱ्याच वेळानं ते उघडून वेंडेल बाहेर आला, चेहरा लाल.

"चांगली माणसं आहात! पडद्यात कोट अडकला होता माझा. गळा फाडून हाका मारत होतो मी."

वेरा त्याच्याकडे पाहतच राहिली. "आम्ही दाराला टेकून उभ्या होतो, वेंडेल. काहीही ऐकू आलं नाही."

मग ती हळू आवाजात दुन्याला म्हणाली, "ती तेलाची बरणी आणा. आणि भावाला आत बोलवा."

*

स्वयंपाकघरात सगळे टेबलाभोवती बसले. सायमननं कोट घातलेलाच होता.

"आधी कॉर्विन," वेरा म्हणाली. "बाहेरून पराग आला असता तर फक्त बिया दिसल्या असत्या. इथे तुमच्याच झाडांवर नर फुलं आहेत. म्हणजे पराग बाहेरचा नाही. कॉर्विन सुटला."

"मग राहिला कोण?" दुन्यानं भावाकडे पाहिलं.

"थांबा. उजेड कुठून आला? दाराच्या फटीतून आला असता तर दाराजवळची झाडं आधी बिघडली असती. ती धडधाकट आहेत. म्हणजे दिवा आत गेला. सायमनचा दिवा कपाळावर, जमिनीपासून सहा फुटांवर. तो उजेड शेंड्यांवर पडेल, दोन्ही रांगांवर पडेल. इथे बिघडलंय ते खाली, आणि फक्त उजवीकडे."

"म्हणजे वाकून चालणारा चोर?" वेंडेलनं विचारलं.

"वाकून नाही. बसून. आणि तो आत नुसता डोकावून जात नाही, खूप वेळ थांबतो. बंद खोलीत माणूस श्वास सोडत राहिला की हवा दमट होते. म्हणून ती रेघ फुगते. तीसुद्धा भरदुपारी, जेव्हा सायमन गिरणीत असतो आणि दुन्याबाई वर झोपलेल्या असतात."

सायमनच्या हातातली टोपी खाली पडली. एली खिडकीकडे पाहत होता.

"वाट अरुंद आहे," वेरा पुढे म्हणाली. तिचा आवाज आता फार मऊ झाला होता. "आत जाऊन वळता येत नाही. सरळ जायचं आणि तसंच मागे यायचं. म्हणून उजवा हात नेहमी उजव्या रांगेकडेच राहतो."

"मी दिवा लावत नाही," एली घाईनं म्हणाला. "देवाशपथ, वेराबाई! मिट्ट काळोखात बसतो. झाडांना उजेड लागू नये हे मला कळतं. मी..." तो थांबला. स्वतःच बोलून गेलो हे त्याच्या लक्षात आलं.

वेरा उठली आणि तिनं स्वयंपाकघराचा दिवा मालवला.

काळोखात एलीच्या उजव्या हाताशी पाच टिकल्या जळत होत्या. लाल, पिवळी, हिरव्या. त्यांच्या उजेडात त्याची बोटं स्पष्ट दिसत होती.



"हे," एली म्हणाला. "हे तर... मला हे दिसतही नाहीत आता. इतकी वर्षं झाली." त्यानं दुसऱ्या हातानं टिकल्या झाकल्या, जणू अजून काही वाचवता येईल. "दोन्ही पिकं? मी?"

वेरानं दिवा लावला. दुन्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"पण कशाला?" ती म्हणाली. "तिथे काळोखात जाऊन काय करत होतास?"

वेरानं बरणी त्याच्यासमोर ठेवली.

"दुन्याबाई, तुमचा हिशोब चुकला नव्हता. तेल संपायलाच हवं होतं. पहिलं पीक बुडालं तेव्हापासून हे पुरवून पुरवून घेताहेत. दुसरं बुडाल्यावर आणखी कमी. मग पेटके वाढले. आणि घरात एकच खोली अशी आहे, जिच्यातून माणूस ओरडला तरी बाहेर ऐकू येत नाही. ह्यांचा घसा सर्दीनं बसलेला नाही."

"तू दिवसाच काय ती झोपतेस," एली दुन्याला म्हणाला. "मी घरात ओरडलो असतो तर तू उठली असतीस. तेल पुरेसं होतं तेव्हाही अधूनमधून पेटका यायचा, तेव्हापासूनच जातोय मी तिथे. माझ्यासाठी रात्रभर उभी असतेस, मग दिवसाही... म्हटलं, निदान झोपू दे. तेलही पुरेल. पीक येईपर्यंत कळ काढू. ह्या वेळी येईलच." तो विचित्र हसला. "आणि पीक येईना. पीक येईना म्हणून मी तेल आणखी कमी करत गेलो. आणि आणखी वेळ आत बसत गेलो."

"भावोजी," सायमन म्हणाला. "मला बॅग भरायला लावली हो हिनं. तेव्हा तरी बोलायचं."

"तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की मीच आहे?"

दुन्यानं बरणीचं झाकण उघडलं आणि ड्रॉपर भरला, काठोकाठ. सायमननं तिच्या हातातली बरणी धरून ठेवली.

"नको एवढं," एली म्हणाला. "संपेल."

"संपू दे. तोंड उघड."

"डावी रांग वाचेल," वेरा म्हणाली. "उजवीतली बिघडलेली झाडं आत्ता, पराग सुटायच्या आधी, पिशवीत घालून बाहेर काढा. निम्मं पीक हाती लागेल."

"निम्म्यानं भागणार नाही," दुन्या म्हणाली.

"नाही," वेरानं कबूल केलं. "पण ते येईल."

तेलाचा गुण यायला वेळ लागतो. त्याआधीच एलीच्या घोंगडीखाली काहीतरी उसळलं. त्याचे गुडघे एकदम वर आले, दात आवळले गेले. सवयीनं त्याचा हात दांडीवर गेला. खुर्ची वळली आणि बोळाकडे निघाली.

दुन्या जाऊन बोळाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"सरक," तो दातांमधून म्हणाला. "दुन्या, सरक ना गं."

"नाही. इथे ओरड. माझ्यासमोर."

"नाही जमणार मला."

"जमेल. ओरड, एली."

सायमननं अंगातला कोट फेकला आणि खाली बसून मेव्हण्याचे दोन्ही पाय छातीशी धरले. वेरानं वेंडेलच्या बाहीला हिसका दिला. पाहुण्यांनी तिथे थांबण्यासारखं आता काही नव्हतं.

ते गाडीपर्यंत पोचले आणि घरातून आवाज आला. वेंडेलच्या हातातून किल्ल्या बर्फात पडल्या. तो त्या शोधत ओणवा झाला आणि तसाच राहिला.

कुंपणापलीकडचं दार धाडकन उघडलं.

"कोण ओरडतंय?" कॉर्विन धावत आला. "काय झालं?"

"एली आहे," वेरा म्हणाली. "त्याला पेटके आलेत."

"एली? असा? मला कधी ऐकूच आलं नाही!"

"कुणालाच नाही आलं."

कॉर्विननं कुंपणावर पाय टाकला आणि थबकला. त्यानं अंगातल्या कोटाकडे पाहिलं. तो उतरवला, लोकरीचा स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, परागाचा कण घरात जाऊ नये म्हणून दोन्ही लांब गोठ्याकडे भिरकावले आणि नुसत्या बनियनवर बर्फ तुडवत तो त्या आवाजाच्या दिशेनं धावला.