दोन हिसके

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर जमणार नाही.

ही घडलेली गोष्ट आहे. अलेक्झांड्रियात, मुहर्रम बे नावाच्या वस्तीतल्या आमच्याच इमारतीत. ऑगस्टचा शेवट, गुरुवार, संध्याकाळचे सहा. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. खाली गल्लीत पोरं फुटबॉल खेळत होती.

चौथ्या मजल्यावर इन्शिराह आणि तिची लेक शुरूक राहायच्या. नवरा कुवेतला नोकरीला. शुरूकला बारावीला असे मार्क पडले होते की डॉक्टर होता येईल, पण इथल्या कॉलेजात नाही. असियूतच्या. म्हणजे रात्रभर ट्रेनने. एकुलत्या एका पोरीला एवढ्या लांब पाठवायचं की नाही, यावर घरात पंधरा दिवस रणकंदन चाललं होतं. त्या दिवशी दुपारी बापाने फोनवर एकदाचं हो म्हटलं.

कॉलेजांची पसंती नेटवर भरायची होती. शेवटचा दिवस. सात वाजता फॉर्म बंद होणार होता.

सहाला शुरूक कॉम्प्युटरसमोर बसली.

आणि...

नेट नाही.

"परत चालू कर," इन्शिराह म्हणाली.

"तीनदा केलं, आई!"

"मग चौथ्यांदा कर. हात झिजत नाहीत."

पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली तशीच. मागे जिथे वायर खोचतात, तिथला हिरवा दिवा विझलेला. वायरीच्या टोकाची प्लास्टिकची जीभ केव्हाच तुटली होती. ती निसटू नये म्हणून काडेपेटीची एक काडी पाचरीसारखी खुपसलेली होती. शुरूकने वायर काढली, फुंकली, परत बसवली, काडी दाबली.

काही नाही.

ती काडी उस्ताज बहगतने खुपसून दिली होती.

बहगत पहिल्या मजल्यावर राहायचा. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला, म्हणून सगळे मानाने 'उस्ताज' म्हणायचे. एकटा जीव. सगळ्या इमारतीचं नेट त्याच्या घरून यायचं. कनेक्शन एकच, आणि त्याच्या नेटच्या पेटीतून निघालेल्या वायरी इमारतीच्या मधल्या उघड्या डक्टमधून घरोघरी. आमच्याकडे तेव्हा अर्ध्या शहराचं असंच चालायचं. नेट गेलं की बायका स्वयंपाकघराच्या खिडकीतून डक्टमध्ये डोकं घालून ओरडायच्या. बहगत खोकायचा, पेटी बंद करून चालू करायचा आणि त्या घराच्या वायरीला दोन हिसके द्यायचा. म्हणजे, आलं का बघा. आलं असेल तर आपणही दोन हिसके द्यायचे.

मग इन्शिराह दोरीला बांधलेल्या टोपलीतून त्याला चहा सोडायची. पुदिना घालून, तीन चमचे साखर. ग्लास वर यायचा तो धुऊन, पालथा. चहाला उशीर झाला की वायर पुन्हा हलायची. "उम्म शुरूक, माझं नेट धावत येतं, तुझा चहा मात्र रांगत," असं तो शुरूकच्या आईला खालून ओरडून सांगायचा.

पण बहगत वारून त्या दिवशी अडतीस दिवस झाले होते.

घराला कुलूप होतं. आतली पेटी मात्र चालूच राहिली होती. पुतण्या येईपर्यंत चालतंय तर चालू दे, म्हणून सगळे मूग गिळून बसले होते.

"आई, नेट कॅफेत जाऊया?"

गल्लीतलं कॅफे बंद पडलं होतं. दुसरं थेट स्टेशनजवळ. घड्याळात सहा वीस.

शुरूकच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून इन्शिराह तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने डक्टमध्ये डोकं घालून ओरडली,

"ओ उस्ताज! नेट गेलं हो! ती पेटी जरा बंद करून चालू करा ना! पोरीचा फॉर्म अडलाय!"

ओरडली... आणि जीभच चावली.

"आई," मागून शुरूक म्हणाली. "हाक कोणाला मारलीस?"

डक्टमध्ये कबुतरं असतात. दिवसभर घुमत असतात. ती गप्प झाली होती.

मग खालून...

कोणीतरी खोकलं.

दोन आखूड खोकले आणि एक लांबलचक. ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं.

खिडकीच्या चौकटीला टेकलेली वायर हलली. एकदा.

परत एकदा.

"आलं!" शुरूक खोलीकडे धावली. "आई, दिवा लागला! नेट आलं!"

इन्शिराहचा हात सवयीने पुढे गेला. तिने वायरीला दोन हिसके दिले.

दिल्यावर तिला कळलं की आपण काय केलं.

"बिस्मिल्लाह... बिस्मिल्लाह," पुटपुटत ती खोलीत आली. शुरूक भराभर आकडे टाइप करत होती. साइटवर सगळ्या देशाची पोरं तुटून पडलेली. एकेक पान उघडायला मिनिट मिनिट लागत होतं.

साडेसहा.

टेबलामागची वायर हलली. दोनदा.

थोड्या वेळाने परत. दोनदा.

मग ती ताणली गेली. काडी टचकन उडून खाली पडली. वायरीचं टोक अर्धं बाहेर आलं, हिरवा दिवा फडफडला.

"आई! जाईल ते!"

इन्शिराहने वायर दोन्ही हातांनी धरली, मनगटाला एक वेढा घेतला. खालून ओढणाऱ्याचा जोर फार नव्हता. पण तो सोडतही नव्हता. थांबायचा, आणि पुन्हा ओढायचा.

"कोण ओढतंय गं?"

"इद्रीस असेल. वॉचमनला दुसरं काम काय? तू पुढे बघ."

इद्रीस खाली गल्लीत पोरांवर खेकसत होता. दोघींनाही त्याचा आवाज येत होता.

पावणेसात. वायर तळहातात रुतली होती. आणि तेव्हा इन्शिराहला आठवलं...

चहा.

"शुरूक, डाव्या हाताने वायर दाब. घट्ट! मी आलेच."

पाणी उकळेना. साखर अर्धी ओट्यावर सांडली. पुदिना निवडायला वेळ नव्हता, तिने मूठभर तसाच टाकला. ग्लास टोपलीत ठेवून तिने दोरी सोडली. तिसरा मजला... दुसरा... पहिल्या मजल्याची खिडकी उघडी दिसत होती. आत मिट्ट काळोख.

टोपली तिथे थांबली. तिने थांबवली नव्हती.

मग दोरी हलकी झाली.

"आई, सैल झाली वायर!" आतून शुरूक ओरडली. मग जरा वेळाने, रडत हसत, "गेला! फॉर्म गेला! पावतीचा नंबर आला!"

सहा अठ्ठावन्न. तेवढ्यात हिरवा दिवा विझला. तो पुन्हा कधीच लागला नाही.

इन्शिराहने टोपली वर ओढली.

ग्लास रिकामा होता. धुतलेला. पालथा. त्यावर पाण्याचे थेंब होते.

शुक्रवारी सकाळी तिने इद्रीसला गाठलं. बरोबर मीही होतो. आमचं नेटही आदल्या दुपारीच गेलं होतं आणि परत आलं नव्हतं.

"इद्रीसकाका, बहगतच्या घरात काल कोण होतं?"

"कोण असणार? पुतण्या दुपारी दोनला आला, तुम्ही सगळे घोरत होता. टेम्पो भरून नेलं सगळं. पलंग, टेलिफोन, ती पेटीसुद्धा. वायरी पक्कडीने छाटल्या बघा. तीन वाजता मीच कुलूप लावलंय."

त्याने दार उघडून दाखवलं. भिंती आणि फरशी, बाकी काही नाही. खिडकीबाहेर छाटलेल्या वायरी लोंबत होत्या.

स्वयंपाकघरातलं बेसिन ओलं होतं. त्यात पुदिन्याचं एक पान चिकटलेलं होतं. ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

शुरूकला असियूत मिळालं. ती हॉस्टेलवर गेली. आणि इन्शिराह रोज संध्याकाळी सहाला टोपलीतून चहा सोडू लागली. तो तसाच, गार होऊन परत यायचा. तरी ती सोडायची. आम्ही तिची चेष्टा करायचो.

डिसेंबरात ती तापाने फणफणली. चहाचं राहून गेलं. सातला शुरूकचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"आई... आज उस्ताजना चहा दिला नाहीस का?"

"का गं?"

"माझ्या टेबलामागे नेटची वायर आहे ना, भिंतीतून आलेली..."

"हं?"

"दोनदा, आई. मग परत दोनदा. आता थांबतच नाहीये."

इन्शिराह तशीच तापात उठली आणि चहा ठेवला. त्यानंतर एकही संध्याकाळ चुकलेली नाही. शुरूकचं आता चौथं वर्ष आहे. मीही चेष्टा करणं सोडलंय.

परवा इन्शिराह मक्केला गेली. जाताना घराची किल्ली माझ्या हातात दिली. साखर कुठे आहे, पुदिना कुठे आहे, सगळं दाखवलं. "तीन चमचे," ती म्हणाली. "आणि उशीर करू नकोस. माझी पोर तिथे एकटी आहे."

काल मी चहा सोडला. गार होऊन परत येईल असं वाटलं होतं.

ग्लास धुऊन आला. पालथा.

आत्ता सहाला पाच कमी आहेत. मी पाणी ठेवलंय. कबुतरं मघापासून गप्प आहेत.