धोंडबेटावरचं मडकं

मानवजातीच्या इतिहासात काही मोहिमा अशा असतात, की त्यांच्यापुढे हिमालयानेही थोडं बाजूला सरकून वाट द्यावी. ढुंढिराज गुरुजींची धोंडबेटावरची स्वारी ही त्यांपैकीच एक! फरक इतकाच, की धोंडबेट लॉजच्या जेवणघरातून, पोहे खाता खाता, चष्म्याशिवाय दिसत होतं. आणि निघण्यापूर्वी साऱ्या साहसवीरांना बजावण्यात आलं होतं, की साडेबाराच्या आत परत या, नंतर भाकरी गरम मिळणार नाही.

मोहिमेचा उद्देश साधा होता. बेटावर कुठल्याशा झाडाला एक मडकं टांगलेलं होतं, तोंडाला लाल फडकं बांधलेलं. ते शोधायचं आणि न उघडता, न फोडता काठावर आणायचं. जे कुटुंब आणील, त्याला पुढच्या वर्षी दोन दिवसांचा मुक्काम फुकट. धरणाच्या फुगवट्याकाठच्या या लॉजमध्ये पाहुण्यांना दमवण्याची सगळी सोय होती. तिरंदाजी होती, दोरीला लोंबकळून ओढा ओलांडणं होतं, पहाटे उठून पक्ष्यांची झोपमोड करणं होतं. पण गुरुजींची दहा वर्षांची नात आभा हिने आल्या आल्या जाहीर केलं होतं, की आपण खजिनाच शोधणार. आणि आजोबा सोबत येणार.

गुरुजी पंचवटीतले तीर्थपुरोहित. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी रामकुंडात परक्यांच्या अस्थी सोडल्या. कुठल्या गावचं कोणतं कूळ, कोण कधी आलं, कोणासाठी आलं, हे त्यांच्या घरच्या वह्यांत पिढ्यानपिढ्या लिहिलेलं आणि त्यांना बरंचसं तोंडपाठ. अडुसष्टाव्या वर्षी मुलाने, आल्हादने, त्यांना जन्मातल्या पहिल्या सुट्टीवर आणलं, तेव्हा पत्नी गोदावरीबाईंनी एकच अट घातली होती.

"अहो, तीन दिवस कोणाला गाव विचारायचं नाही. कूळ विचारायचं नाही. आणि घरात कोणी गेलंय का, हे तर मुळीच नाही. लोक इथे मजा करायला आलेत."

गुरुजींनी शब्द दिला होता. एक गोष्ट मात्र त्यांनी नातीला सांगितली नव्हती आणि ती जगात फक्त गोदावरीबाईंना ठाऊक होती. जन्म नदीकाठी गेला, पण गुरुजींना पोहता येत नव्हतं! गुडघाभर पाण्याच्या पुढे ते कधी गेलेच नव्हते; पुढचं काम नदी करायची. म्हणून लॉजवाल्यांनी नारिंगी लाइफ जॅकेट दिल्या क्षणी त्यांनी ते चढवलं, सगळे पट्टे आवळले आणि त्याच वेषात दोन बशा पोहे खाल्ले.

पहिला धक्का त्यांना काठावरच बसला. खेळ चालवणारा महेश नावाचा उत्साही तरुण एक कागद पुढे करून म्हणाला, "काका, इथे सही. काही नाही हो, मृत्यू झाल्यास लॉज जबाबदार नाही, एवढंच."

गुरुजी हादरले. मृत्यूची इतकी वर्षं सेवा केली, पण त्याने सहीसाठी आधी कागद पाठवल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

"आणि काही झालंच, तर हा आमचा फकिरा मागून मोटरबोट घेऊन येईल," महेशने धीर दिला.

फकिरा पन्नाशीचा, काटक, गप्प माणूस. बोटीचा दोर सोडायला तो वाकला आणि वाऱ्याने त्याची टोपी उडाली. खाली डोकं भादरलेलं! चार-पाच दिवसांपूर्वीचीच हजामत. मिशाही नव्हत्या. गुरुजींच्या व्यवसायात असं डोकं वाचायला चष्मा लागत नाही. त्यांनी तोंड उघडलं. गोदावरीबाईंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की उघडलेल्या तोंडातून फक्त "हवा छान आहे" एवढंच बाहेर पडलं.

"साहेब," फकिरा आल्हादला हळूच म्हणाला, "बेटावर मागल्या अंगाला उंबर हाय ना, तिकडं नका..."

"फकिरा!" महेश ओरडला. "पाहुण्यांना हिंट द्यायची नाही! पुढे गेलेल्या चांदवडच्या कुंदनशेठनाही दिलेली नाही!"

फकिराने दोर सोडला. आल्हादने आभाला डोळा मारला. उंबर! हिंट मिळाली होती.

रबरी होडी निघाली. पुढे आभा, मध्ये गुरुजी, मागे वल्हं घेतलेला आल्हाद. माघातलं ऊन कोवळं होतं, दूर अंजनेरीचा डोंगर निळा दिसत होता आणि पाणी इतकं शांत होतं, की गुरुजींना आपल्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती. मधूनच पाण्याबाहेर काळी वाळकी टोकं डोकावत. धरण झालं तेव्हा बुडालेल्या बाभळी त्या. पाणी खाली गेलं की वर यायच्या आणि बोटवाल्यांना शिव्या खायला लावायच्या.

बेटाशी पोचायला पंचवीस मिनिटं लागली. त्यातली दहा होडी एकाच जागी गोल फिरण्यात गेली. गुरुजींनी उतरायला साफ नकार दिला. "होडीवर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं," ते गंभीरपणे म्हणाले आणि दोन्ही कडा घट्ट धरून लक्ष ठेवू लागले.

पाच मिनिटांत करवंदीच्या जाळीतून आरोळी आली. "सापडलं! आजोबा, सापडलं!"

आभाच्या कुशीत लहानसं मडकं होतं, तोंडाला लाल फडकं. आल्हादची कोपरं सोलवटली होती. "बरंच उंच बांधलेलं, बाबा. कुत्र्याचं तोंड पोचणार नाही असं. या लॉजवाल्यांनी मेहनत घेतलीय!"

होडी परत फिरली. निम्मं पाणी कापून झालं, तेव्हा आभाने मडकं आजोबांच्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही धरा. तुमचा मान!"

गुरुजींनी मडकं हातात घेतलं. ते हलकं होतं. त्यांनी ते जरासं कलतं केलं. आत बारीक खुळखुळ झाली.

गुरुजींनी ते पुन्हा कलतं केलं.

हा आवाज! चव्वेचाळीस वर्षं रोज सकाळी ऐकलेला आवाज. नाण्यांचा नव्हे, चॉकलेटचा नव्हे. फडक्याची गाठ पाहिली. तिढा देऊन मारलेली, गाठीत खोवलेलं तुळशीचं सुकलेलं पान. उंबराला टांगलेलं, कारण घरात न्यायचं नसतं आणि जमिनीला टेकवायचं नसतं. आणि काठावर तो माणूस, ताज्या हजामतीचा...

"आल्हाद! होडी फिरव."

"का? काय झालं?"

"फिरव म्हणतो ना! हे जिथून काढलंस, तिथे परत बांधायचं. आत्ता!"

"बाबा, आपण जिंकलोय!"

"हा खजिना नाही रे!" गुरुजींचा आवाज चिरकला. त्यांनी आभाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि शब्द शोधून म्हणाले, "यात... यात कोणीतरी आहे."

आल्हादला समजायला तीन सेकंद लागले. मग त्याचा चेहरा असा पांढरा पडला, की आभाने घाबरून विचारलं, "साप आहे का?"

आणि नेमका तेव्हाच वारा उठला!

डोंगराकडून आला तो थेट पाण्यावर. आरशासारखा फुगवटा क्षणात खरबरीत झाला. लाटा होडीला थपडा मारू लागल्या. आल्हादने वल्हं मारलं. होडी उजवीकडे. पुन्हा मारलं. होडी आणखी उजवीकडे! काठावरून महेशची शिट्टी ऐकू आली. एकदा. दोनदा. मग सारखी.

"बाबा, बाभळी! बाभळींकडे चाललोय!"

खर्रर्र!

खालून काहीतरी घासलं. मग आवाज आला, एखाद्या म्हाताऱ्याने दीर्घ सुस्कारा सोडावा तसा. होडीची डावी बाजू मऊ पडली. पाणी आत शिरलं. आभा किंचाळून घसरली. आल्हादने वल्हं टाकून तिला पकडलं. गुरुजींचा तोल गेला, एक हात सुटला आणि मांडीवरचं मडकं अलगद होडीच्या कडेवरून घरंगळलं.

ते बुडालं नाही. तरंगत, डुलत, लाल फडकं वर करून निघालं.

ज्या माणसाने हयातभर अशी मडकी पाण्यात सोडून पाठ फिरवली, मागे वळून पाहायचं नसतं असं हजारोंना सांगितलं, त्या माणसाने त्या क्षणी काय करावं? काहीच करू नये. पाणी पाणीच असतं, आणि धरणाचं पाणी शेवटी नदीलाच जातं. शास्त्रातही कुठेतरी आधार सापडला असता. गुरुजींनी तो पाचच मिनिटांत काढून दिला असता.

पण ते मडकं उंबराला टांगून ठेवलं होतं. म्हणजे कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत होतं. ते कोणी येण्याआधीच आई म्हणा, बाप म्हणा, निघून चालला होता. तोही दोन दिवसांच्या फुकट मुक्कामापायी!

गुरुजींनी उडी मारली.

"बाबाऽऽ!"

पाणी कानात, नाकात, डोळ्यांत! वर कुठे, खाली कुठे! मग नारिंगी जॅकेटने त्यांना बखोट धरल्यासारखं वर खेचलं. समोर लाल फडकं. हात मारला. हुकला. लाट आली, तोंडात पाणी. पाय झाडले. पुन्हा हात मारला. सापडलं!

मडकं त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. हात वर गेल्यामुळे तोंड पाण्यात जाऊ लागलं. तोंड वर काढावं, तर हात खाली येत. गुरुजींनी तोंडाला जाऊ दिलं.

मोटरबोटीची धडधड जवळ आली तेव्हा फकिराला आधी दोन हात दिसले, हातांत मडकं, आणि खाली अधूनमधून एक टक्कल. त्याचा हात इंजिनावर तसाच राहिला. इंजिन बंद पडलं.

"ती..." त्याने बोट दाखवलं. "ती माय हाय माजी."

"आधी तिला घे!" गुरुजी गुळण्या टाकत ओरडले. "मग मला!"

फकिराने वाकून मडकं घेतलं. मग गुरुजींना. मग कलंडलेल्या होडीला चिकटलेल्या आल्हादला आणि आभाला. फकिराने फडक्यावरून बोट फिरवलं, गाठ चाचपली.

"पाणी लागलं का तिला?"

"फडकं वरून भिजलंय," गुरुजी कुडकुडत म्हणाले. "आत थेंब नाही."

फकिराने मान खाली घातली. "धाकटा भाऊ काळू ओझरला कारखान्यात हाय. कामावरून बंगळूरला धाडलाय त्याला. मातीला पोचला नाय. लय रडला फोनवर. म्हनला, दादा, आईला माझ्याबिगर सोडू नको. शनवारी राती येनार हाय. म्हनून ठिवली तितं उंबराला. आमच्या बुडाल्या गावचं तेवढंच एक झाड उरलंय."

काठावर सगळा लॉज जमला होता. कुंदनशेठ चिंचेवरून उतरवलेलं खरं मडकं बगलेत मारून उभे होते. त्यात चॉकलेटं आणि जेवणाचं एक कूपन निघालं होतं. पण शेठही टोपी काढून बाजूला झाले. महेशला काय बोलावं सुचेना, म्हणून त्याने हळूच शिट्टी वाजवली.

"आजोबा," आभा कापऱ्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला पोहता येत नाही?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

गोदावरीबाई पुढे आल्या. नवऱ्याच्या डोक्यावरचं शेवाळ त्यांनी काढलं. मग फकिराकडे, त्याच्या हातातल्या मडक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"विचारा आता," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी भिजलेलं धोतर सावरलं. "गाव कोणतं, बाबा?"

"गाव कुठलं आता? पान्याखाली गेलं. धोंडपाडे."

"आमच्या वहीत अजून कोरडं आहे," गुरुजी म्हणाले. डोळे मिटून त्यांनी मनातली वही उघडली. "धोंडपाडे. तुझे आजोबा राणू का? त्यांचे वडील सखाराम. त्यांच्या अस्थी घेऊन राणू बैलगाडीने आले होते. सोबत दोन भाऊ, एक जण डाव्या पायाने लंगडा. माझ्या वडिलांच्या अक्षरात आहे."

फकिराच्या अंगावर काटा आला. लंगडा म्हातारा त्याने पाहिला नव्हता, फक्त आईच्या तोंडून ऐकला होता.

"आईचं नाव?"

"विठाबाई."

"रविवारी काळूला घेऊन रामकुंडावर ये. सकाळी सहाला. मी स्वतः बसेन. विठाबाईंचं नाव मी माझ्या हाताने लिहीन."

वारा पडला होता. फकिराने मडकं छातीशी धरलं, एका हाताने डोळे पुसले, दुसऱ्यांदा पुसले, आणि पुढे वाकून गुरुजींच्या ओल्या पायांना हात लावला. वर उठला तरी तो जागचा जाईना. घुटमळत राहिला.

"गुरुजी... एक मागनं होतं. रागावनार नाय ना?"

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माग रे. अजिबात संकोच करू नकोस."

"ते नारंगी जाकीट तेवढं काढून द्या. आमच्याकडं चारच हायेत, आन् पुढचे पावने कवाचे थांबलेत."