शांत नावाची फाइल

तेलवासरीच्या शाळेचा दरवाजा लागेनासा झाला, तेव्हा सरपंच कल्पनाताई गेडाम यांनी आधी सुताराला बोलावलं. त्यानं रंधा मारून दिला. चार दिवसांत दरवाजा पुन्हा अडला. मग त्यांनी भूश्रवण केंद्रात फोन लावला.

"मॅडम, लाकूड फुगलं म्हणावं तर उन्हाळा आहे जी. चौकटच वाकडी होऊन राहिली. तुमची मशीन काय म्हणते?"

फोन अपर्णा निखाडेनं घेतला होता. केंद्रातल्या संगणकांची जबाबदारी तिच्याकडे होती. तेलवासरी बंद पडलेल्या कोळसा खाणीवर वसलेली. कोळसा कधीच निघून गेला, खाली पोकळ बोगदे उरले. म्हणून गावाखाली केसाएवढे बारीक काचेचे तंतू पुरले होते. जमीन जराशी हलली तरी तंतूतून जाणारा प्रकाश बदले, आणि त्यावरून हालचाल मोजता येई. दर तासाला संगणकातली एक आज्ञावली आपोआप चाले आणि त्या तासाची मोजमापं एका फाइलीत लिहून ठेवी.

पूर्वी त्या फाइलीच्या नावात गाव, तारीख आणि वेळ असे. मग केंद्रानं 'नामकर्ता' नावाचा नवा प्रोग्राम आणला. तो फाइल स्वतः वाचे आणि अर्थ पाहून तिला नाव देई. तेलवासरी-शांत. तेलवासरी-हालचाल. तेलवासरी-धोका. गावातला इशाऱ्याचा भोंगा त्या नावावरून वाजे, आणि ग्रामपंचायतीच्या पडद्यावरही तेवढं नावच दिसे. फाइल उघडायची कोणाला गरज उरली नाही, आणि हळूहळू ती कोणी उघडेनासं झालं.

"शांत म्हणतेय, ताई," अपर्णा म्हणाली.

"मग आमचा दरवाजाच खोटा म्हणायचा," असं म्हणून कल्पनाताईंनी फोन ठेवला. आवाजात राग नव्हता, आणि तेच अपर्णाला जास्त लागलं.

तिनं मागच्या आठवड्याच्या फाइली शोधल्या. तेलवासरी-शांत नावाची एकच फाइल होती, नुकतीच तयार झालेली. तिला कळायला वेळ लागला नाही. एका जागी एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत. नवी शांत आली की जुनी शांत पुसली जाते. गाव महिनोन् महिने शांत होतं, आणि त्या महिन्यांतलं काहीच शिल्लक नव्हतं.

तिनं दर तासाची फाइल पुसली जाण्याआधी बाजूला काढणारी सोय केली, प्रत्येकीला तारीख आणि वेळ लावून. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्या सगळ्या शेजारी शेजारी मांडल्या. प्रत्येक तासाला जमीन किंचित खचत होती. एवढी किंचित, की नामकर्त्याच्या मोजपट्टीत ते शांतच ठरे. पण एकाही तासात ती वर आलेली नव्हती.

केंद्रप्रमुख डॉ. सदावर्ते यांनी आकडे नीट पाहिले. ते निष्काळजी नव्हते.

"एका दिवसाच्या फाइलींवर गाव उठवायचं?" ते म्हणाले. "मागच्या वेळी खोटा भोंगा वाजला तेव्हा पळापळीत दोघं चेंगरून गेले. नामकर्ता त्यानंतरच आणला आपण. लोक आकडे वाचत नाहीत, अपर्णा, घाबरतात."

"लोकांनी वाचायला आकडे ठेवलेतच कुठे आपण?"

"आधी तज्ज्ञांची समिती बघेल."

"समिती बसेपर्यंत फाइलीचं नाव काय राहील?"

अपर्णा जागेवर परतली आणि तेलवासरीच्या आज्ञावलीतली नामकर्त्याला हाक मारणारी ओळ तिनं काढून टाकली. तिथे साधी जुनी ओळ घातली. नावात गाव, तारीख, वेळ, आणि शेवटी, तिनं मोजायला घेतल्यापासून जमीन किती मिलिमीटर खचली तो आकडा.

ग्रामपंचायतीच्या पडद्यावर नावं बदलली. भोंगा वाजला नाही, पळापळ झाली नाही. कल्पनाताई दर तासाला पडद्यासमोर उभ्या राहू लागल्या. आकडा नऊचा दहा झाला, दहाचा बारा. संध्याकाळी त्यांनी ग्रामसभा बोलावली आणि शाळेकडची आळी पलीकडच्या माळावर मांडवात हलवायचं ठरलं. म्हाताऱ्यांना आधी नेलं, मग गुरं, मग भांडीकुंडी.

सकाळी सदावर्ते तिच्या टेबलाशी आले. "ती ओळ परत घाल."

"नाही घालणार, सर."

"हा आदेश आहे."

"मग त्या फाइलीला शांत हे नाव तुम्ही स्वतःच्या हातानं द्या, दर तासाला. खाली तुमचं नाव लिहा. मी तुम्हाला अडवणार नाही."

सदावर्तेंनी तिचं संगणकावरचं खातं बंद करवलं आणि नामकर्ता पुन्हा सुरू केला. तेलवासरीच्या पडद्यावर शांत आलं. "आता परत या," असं कार्यालयातून कल्पनाताईंना सांगण्यात आलं.

"काल बारा होते. आज ते बारा कुठं गेले ते सांगा, मग येतो," त्या म्हणाल्या. माळावरून कोणी हललं नाही.

त्या दुपारी शाळा आणि शेजारची अख्खी आळी जमिनीत गेली. माळावरच्या लोकांना आधी धूळ दिसली, मग आवाज आला. आत एकही माणूस नव्हता.

चौकशी समितीपुढे अपर्णाला उभं केलं गेलं. सदावर्ते समोर मान खाली घालून बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, "नाव बदलायची परवानगी तुम्हाला कोणी दिली होती?"

"कोणीच नाही. मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नाही," ती म्हणाली. "पुन्हा वेळ आली तरी मागणार नाही. पण आळी खचली त्या तासाची फाइल माझ्या सोयीनं बाजूला काढून ठेवली गेली आहे. ती तुम्ही पाहिलीत?"

कोणी पाहिली नव्हती.

"तंतू तुटले होते. काहीच ऐकू येत नव्हतं. आणि जिथे काहीच ऐकू येत नाही, त्यालाही नामकर्ता तेच नाव देतो, शांत." तिनं भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. जिल्ह्यातली सगळी गावं तिथे एकाखाली एक लागलेली होती, प्रत्येकापुढे तोच शब्द. "यातली कुठली गावं खरंच शांत आहेत, आणि कुठल्या गावाचे तंतू तुटलेत, हे या खोलीतलं कोण सांगू शकेल?"