एसटीवरची धूळ

"हे तेलकट खडू घेतलेत तर बसचं भजं होईल."

सदाशिव पेठेतल्या दुकानात माझ्या हातातली पेटी बघून शेजारचा मुलगा म्हणाला. ओळख ना पाळख! मी वळून बघितलं. चेहरा गंभीर, डोळे मात्र हसरे...

"तुम्हाला विचारलं का मी?"

"नाही. पण छोट्या एसटीवर धूळ दाखवायचीय, असं दुकानदार काकांना सांगत होतात. कोरडे पेस्टल खडू घ्या. ब्लेडनं खरवडायचे आणि ती भुकटी ब्रशनं लावायची."

तो अभय. हिंजवडीत नोकरी, आणि घरी मालगाड्यांची छोटी मॉडेलं खऱ्यासारखी मळकी करायचा छंद. माझे बाबा चौतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त होणार होते. त्यांच्यासाठी मी वीतभर लांबीची लाल बस बनवली होती, पण ती इतकी कोरी करकरीत, की बाबांनी ओळखलीच नसती.

त्यानं धूळ लावायला शिकवायचं कबूल केलं, आणि रविवारी मी बस घेऊन धायरीला त्याच्या घरी गेले. त्याच्या आईनं पोहे दिले. चाकांवर तपकिरी भुकटी, खिडक्यांखाली गेरूच्या रंगाची...

"हळू! धूळ बसते हो, थापायची नसते," म्हणत त्यानं माझा ब्रश धरला. बोटांना बोटं लागली — आणि बसवरचं माझं लक्षच उडालं.

दोन तासांत काम संपलं. आता पुढच्या रविवारी यायचं कशाला?

घरी जाऊन मी ओल्या फडक्यानं सगळी धूळ पुसून टाकली. खरंच!

"रिक्षात हात लागला हो..." दुसऱ्या रविवारी मी.

"आईनं झटकली." तिसऱ्या रविवारी.

चौथ्या रविवारी तर कारणच सुचेना. मंगळवारी बाबांचा निरोप समारंभ. अभयनं पुन्हा सगळी धूळ लावून घेतली आणि टेबलावर वार्निशचा स्प्रे ठेवला. तो मारला की धूळ कायमची पक्की, आणि माझं येणं बंद. सांगून टाकावं? आणि तो हसला तर?

"मारू स्प्रे?"

"मारा... नको, थांबा!"

"काय झालं?"

"धूळ मीच पुसायचे. दर वेळी. मला... मला यायचं असायचं."

आत त्याच्या आईची कढई वाजत होती. उठून पळावंसं वाटलं मला.

"हा स्प्रे पहिल्याच रविवारी मारायचा असतो," तो खाली बघत म्हणाला. "मी तो कपाटात लपवून ठेवला होता."

"का?"

"बस पूर्ण झाल्यावर तुम्ही कशाला आल्या असतात?"

मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. महिनाभर उगाच जीव टांगणीला लावून बसलो होतो दोघं!

"पण आज मारावाच लागेल," तो म्हणाला. "नाहीतर बाबांच्या हाताला लागेल सगळं."

"मारा."

फुस्स आवाज झाला. आम्ही दोघं बस वाळायची वाट बघत शेजारी शेजारी बसलो.

"पुढच्या रविवारी या ना... नुसत्याच."

"या काय? ये म्हण."

त्यानं आतल्या दाराकडे एकदा बघितलं, कानापर्यंत लाल झाला, आणि अगदी हळू म्हणाला, "ये."