बाबांच्या मशीनमधले ट्रान्झिस्टर

रविवारी दुपारी धाकटी कोपऱ्यावरच्या दुकानात नऊ व्होल्टची बॅटरी आणायला गेली आणि पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत परत आली. आठवडाभर ती लिफ्ट दुरुस्त करायची, इमारतींच्या गच्चीवरच्या कोंदट मशिनरूममध्ये ग्रीसने हात बरबटवून घ्यायची. सुट्टीचा दिवस मात्र गिटारचा. गेले तीन रविवार ती घरच्या घरी एक फझ पेडल बनवत होती. फझ म्हणजे पायाने दाबायची एक डबी. गिटारचा सूर तिच्यातून गेला की घसा फाटल्यासारखा होऊन बाहेर पडतो. जुन्या पद्धतीच्या फझला जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर लागतात आणि ते हल्ली शोधूनही सापडत नाहीत. धाकटीला ते बाबांच्या कानाच्या मशीनमध्ये सापडले होते.

बाबांचे कान ऐन तरुणपणी गेले. तेव्हा घेतलेलं ते काडेपेटीपेक्षा थोडं मोठं मशीन त्यांनी जन्मभर खिशात बाळगलं. धाकटी गिटार शिकायला लागली तेव्हा बाबा खिशातून मशीन काढून गिटारच्या लाकडाला टेकवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे.

बाबा दादा-वहिनीकडे राहायचे. दोन वर्षांपूर्वी दादाने सांगितलं, मशीन जळलं. मी बघते, असं धाकटी लगेच म्हणाली होती. अख्ख्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईला एवढंसं मशीन जड नव्हतं. पण दादा म्हणाला, फेकून दिलं, आणि नवीन काही बाबांना मानवत नाही. त्यानंतर बाबा फोनवर यायचे बंद झाले. भेटायला जावं तर वहिनी दारातच सांगायची, झोपलेत. कधी दिसलेच तर भिंतीकडे तोंड करून बसलेले. धाकटीला वाटलं, रागावलेत आपल्यावर. मग तिचं जाणंही कमी झालं. आणि मागच्या महिन्यात बाबा गेले.

वहिनीने त्यांच्या कपड्यांचं एक खोकं पाठवून दिलं. त्यातल्या कोटाच्या अस्तरात, फाटक्या खिशातून घसरलेलं, ते मशीन निघालं. फेकून दिलेलं मशीन! धाकटीने ते उघडलं. कुठे जळका डाग नाही, तुटलेली तार नाही. मीटर लावून बघितला तर ट्रान्झिस्टर ठणठणीत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ज्याच्यासाठी मशीन चालू करायचं तो माणूसच उरला नव्हता. निदान माझ्या गिटारमध्ये तरी बोलू दे त्याला, असं म्हणून तिने ट्रान्झिस्टर काढून घेतले.

आता बॅटरी लावून ती बोर्डावर वाकली. दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर साडेचार व्होल्ट आले की आवाज भरतो. त्यासाठी बारीक स्क्रूड्रायव्हरने प्रीसेट, म्हणजे व्होल्ट कमी-जास्त करायची इवलीशी चकती, केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत बसायचं. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, मीटरवरचा आकडा सारखा घसरत होता. सोल्डरिंगचा धूर खोलीत साचून राहिला होता. तिने गिटारची एक तार छेडली. आवाज मोठा करणारं अँप घोगरं गुरगुरलं. सूर विरत गेला, आणि त्याच्या तळाशी कोणीतरी बोलत होतं.

असली पेडलं रेडिओ पकडतात, हे तिला माहीत होतं. तिने प्रीसेट आणखी किंचित फिरवला.

कपबशी ठेवल्याचा आवाज. खुर्ची करकरली. मग दादा, फाटक्या, खरखरीत आवाजात: "बसू दे तिथेच. त्यांना कुठे काय कळतंय..."

तार केव्हाच थांबली होती.

"धाकटी आलीय दारात," वहिनीचा आवाज. "काय सांगू?"

"सांग, झोपलेत."

खुर्ची पुन्हा करकरली. अगदी जवळ. ज्यांच्या खिशात मशीन होतं, ते बाबाच त्या खुर्चीत बसले होते.

 धाकटीला भीती वाटली, पण संताप त्याहून मोठा होता. तिने दादाला फोन करून एवढंच सांगितलं, की बाबांची एक वस्तू सापडलीय, आत्ता ये. अर्ध्या तासात तो आला, कपाळावरचा घाम पुसत खुर्चीवर बसला.  तिने फक्त तार छेडली.

दादाने स्वतःचा आवाज ऐकला. तो पांढराफटक पडला, मग हसायला गेला.

"काहीतरीच. त्यात कसं ऐकू जाईल? सेल तर मी..."

तो थांबला. अँपमधली खरखरसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

"तू काय?" धाकटीने विचारलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दादाला दर वाक्य दोनदा बोलायचा कंटाळा आला होता. बाबा मोठ्याने बोलायचे, पाहुण्यांसमोर लाज वाटायची. एके दिवशी त्याने मशीनमधला सेल काढून ठेवला, तर घर शांत झालं. मग तो परत घातलाच नाही. बाबांना वाटलं, मशीन बिघडलं. रिकामं मशीन ते शेवटपर्यंत खिशात घेऊन बसायचे.

"दोन वर्षं," धाकटी म्हणाली. "मी दारातून परत जायचे, दादा."

त्याने मान खाली घातली, पण माफी मागितली नाही. उलट, आता उगाळून काय उपयोग, असं काहीसं म्हणाला. तिने उठून दार उघडलं आणि तो जिना उतरून जाईपर्यंत उघडंच धरलं.

परत येऊन तिने बॅटरी उपटली. गिटारची वायर काढली, अँपकडे जाणारी काढली. नुसतं अँप गुणगुणत राहिलं. ते बंद करायला ती वाकली, तेवढ्यात दादाचा आवाज आला.

"काही नाही गं, रेडिओ लागत होता त्यात. मीच उगाच सेलचं बोलून बसलो..."

ती खिडकीशी धावली. खाली रस्त्यावर दादा गाडीला टेकून फोनवर बोलत होता. त्याचे ओठ आणि अँपमधले शब्द एकत्र हलत होते.

"तू लवकर ये," अँपमधून वहिनी म्हणाली. ती कुजबुजत होती. "मघापासून बाबांच्या खोलीतून त्यांचा आवाज येतोय... मी दार लावून घेतलंय."

"काय झालं?"

"बाबा म्हणतायत... ओरडू नका. मला आता सगळं ऐकू येतंय..."

दादाने फोन कानापासून झटकन लांब धरला. अँपमध्ये वहिनीचा श्वास तसाच ऐकू येत राहिला. आणि त्याच्या मागे, अगदी जवळ, दुसरा.