चौथा आकडा

मिस्त्रीचे कान गेले होते. ही गोष्ट बायकोला ठाऊक होती, लेकीला ठाऊक होती, समोरच्या न्हाव्यालाही ठाऊक होती. मिस्त्री तेवढा कबूल करत नव्हता. "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता," म्हणायचा. पण महिन्याभरात दोन गाड्या तशाच खडखडत परत आल्या, तेव्हा लेकीने फोनवर ओरडून बजावलं, "बाबा, आता तिसरी परत आली की शटर ओढायचं आणि दोघांनी माझ्याकडे राहायला यायचं!"

गॅरेजच्या मागेच दोन खोल्यांचं घर होतं, चाळीस वर्षांच्या संसाराचं. ते सोडायच्या विचाराने तो ताटावरून अर्धपोटी उठू लागला.

त्याच आठवड्यात एक टेम्पोवाला आला. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्यातला एक सिलिंडर मिस मारत होता, पेटतच नव्हता. दुसरा कोणी एकेक पाइप सैल करून पाहत बसला असता. मिस्त्रीने कित्येक वर्षांनी आपली वेगळी रीत काढली: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे.

ही रीत थोरल्या भावाची. "पेट्रोलला प्लगची ठिणगी लागते," तो शिकवायचा. "डिझेलला नको. हवा आत ओढायची, तापेपर्यंत दाबायची, वर फवारा सोडायचा. आपोआप भडकतं. तुझ्या बायकोसारखं!" मग आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. चारही सिलिंडर ओळीने पेटत नाहीत, म्हणून इंजिन चालू झालं की थोरला खाकरून तालात मोजायचा: एक, तीन, चार, दोन. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मिस्त्रीने मूठ टेकवली. ठोके हाडातून वर आले, इतके स्वच्छ की त्याला भरून आलं. मग ठोक्यांच्या मागे कोणीतरी खाकरलं.

"एक, तीन... दोन. एक, तीन... दोन."

मिस्त्रीने चौथ्या सिलिंडरचं फवारा सोडणारं नोझल खोललं. ते काजळीने गच्च भरलं होतं. नवं बसवलं आणि पुन्हा कान दिला. आता चारही आकडे आले.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. सांगून पटणार कोणाला? पण त्यानंतर एकही गाडी परत आली नाही. लेक गप्प झाली. मिस्त्री कामाला बसताना शीळ घालू लागला, न्हाव्याशी वाद घालू लागला, दुपारी पोटभर जेवू लागला. पेट्रोल असो, डिझेल असो, थोरला न कंटाळता मोजायचा. एकदा चुकून बंद इंजिनवर टोक टेकलं, तेव्हा आकडे नव्हते. नुसता श्वास होता, कोणी वाट पाहत थांबल्यासारखा. मिस्त्रीला त्याचीही सवय झाली.

एका दुपारी गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती. मिस्त्री बायकोबरोबर बाकावर चहा पीत बसला होता. त्याच्याइतकं सुखी माणूस त्या गल्लीत दुसरं नव्हतं.

"एवढं काय ऐकता हो यातून? बघू तरी." बायकोने स्क्रूड्रायव्हर उचलला, मूठ कानामागे लावली आणि चेष्टेने टोक त्याच्या छातीवर टेकवलं.

"अगं, टोचतंय."

"गप्प बसा." तिने डोळे मिटले. मग हसू लागली. "अय्या, न्हाव्याचा रेडिओ येतोय वाटतं! कोणीतरी मोजतंय. मधेच खाकरतंय काय!"

मिस्त्रीचा कप हातातच राहिला.

"काय मोजतंय?"

ती काहीतरी म्हणाली. त्याला नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्याने बोल."

ती वाकली आणि हसत हसत त्याच्या कानाशी ओरडली, "एक, तीन, दोन! चार काही म्हणतच नाही मेला."